गान्सूचे आठ किलोमीटर

डोंगरातल्या कुठल्याही लांब शर्यतीचं माहितीपत्रक हातात आलं की मी आधी बक्षीस बघत नाही, चढही बघत नाही. सामानाच्या यादीत 'सक्तीचं' आणि 'सुचवलेलं' असे दोन रकाने असतात, त्यातला दुसरा रकाना आधी वाचतो. ही खोड मला २०२१ च्या मे महिन्यानंतर लागली. त्या महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या एका शर्यतीत २१ धावपटू गारठून मेले, आणि त्या शर्यतीच्या यादीत वारा-पावसाचं जॅकेट दुसऱ्या रकान्यात होतं.

जॅकेट सक्तीचं असतं तर सगळे वाचले असते, असं मी म्हणत नाही. पण या प्रकरणाची फाइल कुठून उघडायची असं कुणी विचारलं, तर मी ती तिथूनच उघडेन.

जागा आणि मार्ग

गान्सूतल्या बाईयिन शहराच्या हद्दीत जिंगताई नावाचा परगणा आहे. तेंगर वाळवंटाची कड आणि पीत नदीचं वळण यांच्यामधला हा कोरडा, उघडा मुलूख. नदीकाठी दगडाचे उंच सुळके उभे आहेत म्हणून त्या पर्यटनस्थळाला 'दगडी जंगल' म्हणतात. शर्यतीचं ते चौथं वर्ष होतं. सोबत २१ किलोमीटरची शर्यत आणि हौशी लोकांसाठी ५ किलोमीटरची फेरीही होती, म्हणजे एकूण जत्राच. मुख्य शर्यत शंभर किलोमीटरची, कटऑफ म्हणजे ती पुरी करायची मुदत २० तास, आणि २२ मेच्या सकाळी नऊ वाजता त्यात १७२ जण धावायला निघाले.

आधीच्या वर्षांचा अनुभव उन्हाचा होता. वाळवंटाच्या कडेला मे महिन्यात धावणाऱ्याच्या डोक्यात पाणी, मीठ, टोपी हेच असणार. त्यामुळे बहुतेक जण हाफ पँट आणि अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टमध्ये होते. गरम कपडे होते, नाही असं नाही. पण अनेकांनी ते ड्रॉप बॅगमध्ये, म्हणजे आयोजक वाटेत पुढे नेऊन ठेवतात त्या पिशवीत, टाकून पुढच्या एका चेकपॉईंटला पाठवले होते. तो चेकपॉईंट साठाव्या किलोमीटरच्याही पुढे, म्हणजे थंडी रात्री वाजणार आणि रात्री आपण तिथे असणार, असा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त थंडी दुपारी एक वाजता आली.

आदल्या रात्री त्या भागासाठी जोराच्या वाऱ्याचा इशारा निघाला होता, निळ्या रंगाचा, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा. सकाळी सुरुवातीच्या रेषेवरच लोकांच्या टोप्या उडत होत्या. आपल्याकडे असा वारा असता तर आपणही हसून फोटोच काढले असते.

आता मार्गाकडे नीट बघा, कारण माझ्या मते सगळं प्रकरण इथे आहे. दुसरा चेकपॉईंट साधारण चोविसाव्या किलोमीटरला, तिसरा बत्तिसाव्याच्या आसपास. मधल्या आठ किलोमीटरमध्ये सुमारे हजार मीटरचा चढ. दगड आणि वाळू मिसळलेली पायवाट, झाड नाही, आडोसा नाही, आणि वर पोचल्यावर उंची दोन हजार मीटरच्या पुढे. तिसऱ्या चेकपॉईंटला गाडी जात नव्हती. म्हणून तिथे खाणं नव्हतं, गरम पाणी नव्हतं, तंबूही नव्हता. वेळ नोंदवणारी माणसं होती, बस. शर्यतीतला सगळ्यात कठीण चढ चढून धावपटू जिथे पोचणार, तिथेच त्याला द्यायला आयोजकांकडे काही नव्हतं. तिथून बाहेर पडायचं तर परत आठ किलोमीटर उतरा, नाहीतर पुढे जा.

ही गोष्ट नकाशावर पहिल्या वर्षापासून होती. तीन वर्षं हवा चांगली राहिली म्हणून ती कुणाला दिसली नाही.

दुपार

दुपारच्या सुमाराला वर ढग उतरले. आधी पाऊस, मग गारा, मग बर्फासारखा गार पाऊस, आणि या सगळ्याला आडवा मारणारा वारा. पुढे असलेले सगळ्यात वेगवान धावपटू तेव्हा नेमके त्या आठ किलोमीटरमध्ये, वरच्या टप्प्यावर होते. मागचे अजून खाली होते किंवा दुसऱ्या चेकपॉईंटजवळ होते. त्यातल्या अनेकांनी रंग बघून पाठ फिरवली. काही जण खालच्या एका लाकडी खोपट्यात एकमेकांना चिकटून बसले. ते वाचले.

पुढच्या सहांतला एकच जण जिवंत परतला, झांग शियाओताओ. त्याने नंतर स्वतः लिहिलेल्या हकिगतीत वाऱ्याने पुन्हा पुन्हा खाली पाडल्याचं आहे. हातपाय ताब्यात राहिले नाहीत. त्याने चकचकीत पातळ थर्मल ब्लँकेट अंगाला गुंडाळलं, जीपीएस ट्रॅकरवरचं एसओएसचं बटण दाबलं आणि त्यानंतर शुद्ध हरपली. त्या ब्लँकेटबद्दल वाचलेल्या इतरांनीही सांगितलं: वाऱ्याने त्याच्या चिंध्या झाल्या. चॉकलेटच्या चांदीइतकं पातळ ते, बसलेल्या माणसाभोवती शांत हवेत उपयोगी. उघड्या धारेवर उभ्या माणसाला त्याचा उपयोग पतंगाच्या कागदाइतकाच.

दोनच्या सुमाराला शर्यत थांबवली गेली. तोवर वरच्यांसाठी ती कधीच थांबली होती. सातशेहून जास्त माणसं शोधकार्यात उतरली. रात्री तापमान आणखी घसरलं, वाटेवर काही ठिकाणी दरड आली, आणि शेवटचा मृतदेह मिळाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास. १५१ जण सुखरूप, त्यातले आठ जखमी. मेले २१.

मेलेल्यांत लियांग जिंग होता. ३१ वर्षांचा, चीनमधल्या अव्वल अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या, धावपटूंपैकी एक. ह्वांग ग्वानजुन होता, ज्याने २०१९ मध्ये दिव्यांगांच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत कर्णबधिरांच्या गटातली मॅरेथॉन जिंकली होती. आपण नेहमी समजतो की डोंगरात नवखा मरतो, अनुभवी वाचतो. इथे जो जितका तयारीचा, तो तितका पुढे. जो जितका पुढे, तो तितका वर. आणि वर आडोसा नव्हता.

गारठा कसा काम करतो

उणे तापमान लागतं, बर्फ लागतो, तेव्हा माणूस गारठून मरतो, हा आपल्याकडचा पक्का समज. शून्याच्या वरही माणूस मरतो. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: ओले कपडे, वारा आणि दमलेलं शरीर.

याचा जुना दाखला इंग्लंडमधला आहे. मार्च १९६४ मध्ये डर्बीशरमध्ये 'फोर इन्स' नावाची सुमारे ७० किलोमीटरची चालण्याची स्पर्धा झाली. २४० जण निघाले, २२ जणांनी पुरी केली, तीन तरुण गारठून मेले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरक्रियातज्ज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी त्या मृत्यूंचा अभ्यास करून त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. मांडणी साधी होती. पावसात भिजलेल्या कपड्यांतून वारा गेला की त्यांची ऊब जवळपास संपते. चालणारा जोवर जोरात चालतो तोवर आतली भट्टी ही तूट भरून काढते. तो दमला, पावलं मंदावली की भट्टी विझू लागते, आणि तूट तशीच राहते.

धावपटूच्या बाबतीत हे आणखी धारदार होतं. जोरात धावणारं शरीर बसल्या शरीराच्या दहापट उष्णता तयार करतं. म्हणून जानेवारीच्या पहाटे आपण बनियनवर धावतो आणि घाम पुसतो. वेग हाच त्याचा स्वेटर असतो. गान्सूत वाऱ्याने आणि चढाने आधी वेग काढून घेतला. धावणारा चालू लागला, चालणारा वाकून रांगू लागला. अंगावर चरबी नाही, स्नायूंमधली साखर चोवीस-पंचवीस किलोमीटरमध्ये बरीच खर्च झालेली, कपडा ओला. मॅरेथॉनसाठी वर्षानुवर्षं घडवलेलं हडकुळं शरीर इथे त्याच्याच विरोधात गेलं.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली आलं की हुडहुडी जोरात भरते, बोलणं अडखळतं. आणखी खाली, ३२ च्या आसपास, थरथर थांबते, आणि इथेच फसगत होते, कारण बघणाऱ्याला वाटतं आता बरं वाटतंय. माणूस भलतंच बोलतो, बसून राहतो, काही जण तर गरम होतंय म्हणून अंगावरचे कपडे काढतात. पण त्याच्याही खूप आधी एक गोष्ट जाते, ती म्हणजे बोटं. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण राजगडाहून तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर होतो. पाऊस आडवा, धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसेना. थंडी म्हणावी अशी थंडी नव्हतीच. अठरा-एकोणीस अंश असेल. आमच्यातला सगळ्यात चपळ पोरगा पुढे पळायचा आणि आमच्यासाठी उभा राहायचा, पुन्हा पळायचा, पुन्हा उभा. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याला राजगिऱ्याची चिक्की दिली, तर त्याला कागद फाडता येईना. दातांनीही जमेना. "काय रे?" म्हटलं तर हसला, आणि उत्तर द्यायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला. त्या जास्तीच्या वेळाने माझ्या पोटात गोळा आला. त्याच्या सॅकमध्ये जॅकेट होतं. खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ. ती गाठ सोडायला माझीही बोटं चालेनात. शेवटी पिशवी फाडली. झिप मी ओढली, लहान मुलाची ओढतात तशी. पायथ्याच्या वाडीत एका आजींच्या चुलीपुढे तासभर बसल्यावर तो माणसात आला आणि चहा मागू लागला.

जिथे अठरा अंशांना चिक्कीचा कागद फाटत नाही, तिथे गारांच्या पावसात एसओएसचं बटण, ब्लँकेटची घडी, जॅकेटची झिप यांच्याकडून आपण काय अपेक्षा ठेवतो? जॅकेट थंडी वाजल्यावर घालायचं नसतं. वारा सुटला की घालायचं असतं.

झू केमिंगची गुहा

त्या डोंगरात आणखी एक माणूस होता. झू केमिंग, मेंढपाळ. हवा बिघडली तशी तो आपल्या गुहेत जाऊन बसला. त्या मुलखात पिवळ्या मातीच्या कड्यांत खोदलेल्या अशा गुहा असतात. त्याने आपल्या गुहेत जळण, रजया, थोडं खाणं ठेवलेलं होतं, अडीअडचणीला असावं म्हणून. बाहेर कुणाची तरी हाक ऐकू आली. पायात गोळे आलेला एक धावपटू होता. त्याला आत घेतलं, शेकोटी पेटवली, हातपाय चोळले. मग आणखी चौघं आले. त्यांनी सांगितलं की बाहेर वाटेवर अजून माणसं पडली आहेत. तो गारांच्या माऱ्यात बाहेर गेला आणि बेशुद्ध पडलेल्या झांगला उचलून आणलं. झांग दोन-अडीच तास शुद्धीवर नव्हता. गुहेत एकूण सहा जण वाचले, तीन पुरुष, तीन बायका.

(गारठलेल्याचे हातपाय चोळू नयेत, त्याला आडवं ठेवून आधी धडाला ऊब द्यावी, असं वैद्यक सांगतं. ते खरंच आहे. पण आग, कोरडी रजई आणि छप्पर हे तिन्ही देणारा माणूस त्या दिवशी त्या वाटेवर एकटा झू केमिंग होता, त्यामुळे त्याच्या चुका काढायला मी बसणार नाही.)

मला या भागात अडकून पडायला होतं ते एका कारणासाठी. आयोजकांनी म्हटलं, गाडी जात नाही म्हणून वर काही ठेवता आलं नाही. झूच्या गुहेलाही गाडी जात नव्हती. त्याने रजया पाठीवर नाहीतर जनावरावर घालून नेल्या असणार. आपल्याकडचा धनगर उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी टाकतो, लोकर भिजली तरी बरीच ऊब धरते म्हणून. डोंगरात रोजची भाकरी आहे त्याने हवा फिरणार हे धरूनच सामान बांधलेलं असतं. वर्षातून एकदा येणाऱ्यांनी मागच्या तीन वर्षांचं ऊन धरून बांधलं.

झू केमिंगचं नंतर देशभर कौतुक झालं. तो मात्र वाटेवर निपचित दिसलेल्या दोघांबद्दलच बोलत राहिला. त्यांच्यासाठी काही करता आलं नाही, माफ करा, म्हणाला.

निर्णय कुणाचे

११ जूनला प्रांताच्या चौकशीचे निष्कर्ष जाहीर झाले. जोराचा वारा, पाऊस आणि एकदम घसरलेलं तापमान ही तात्कालिक कारणं. पण आयोजन नियमांना धरून नव्हतं, कामकाज व्यावसायिक पद्धतीचं नव्हतं, असा ठपका. २७ अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, आयोजनाशी संबंधित पाच जणांना अटक झाली. त्याआधीच, २ जूनला, चीनच्या क्रीडा प्रशासनाने डोंगरी शर्यती, वाळवंट पार करणं, पंखांचा पोशाख घालून केलेली विंगसूट उड्डाणं, अतिलांब पल्ल्याच्या शर्यती असं सगळं एकदम बंद केलं होतं.

शिक्षा झाल्या ते ठीक. पण धावणाऱ्याच्या अंगाने बघितलं तर मला दोन गोष्टी खुपतात, आणि त्या कुठल्याच खटल्यात मावत नाहीत.

पहिली पैशाची. वेळेत शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला १६०० युआन मिळणार होते, पहिल्याला १५,०००. शर्यती पळून घर चालवणारे लोक त्यात होते. चोविसाव्या किलोमीटरला पाठ फिरवायची म्हणजे तेवढे पैसे सोडायचे. आपल्याकडे पैसे नसतील, पण मेडल असतं, फिनिशर टीशर्ट असतो, सोसायटीत सांगितलेलं असतं, धावणं सगळ्यांना दाखवणारं स्ट्राव्हा ॲप असतं. डीएनएफ (डिड नॉट फिनिश, शर्यत अर्धवट सोडली) ही तीन अक्षरं आपण कशी उच्चारतो ते आठवा. आयोजकाने बक्षीस असं रचावं की परत फिरणाऱ्याला भुर्दंड पडू नये. निदान हवेमुळे शर्यत थांबली तर थांबल्या जागेपर्यंतचा निकाल धरावा. हे नवं नाही. युरोपात मों ब्लां शिखराभोवतीची यूटीएमबी ही जगातली सगळ्यात मानाची डोंगरी अल्ट्रा २०१० मध्ये सुरू झाल्यावर काही तासांत थांबवली गेली, आणि २०१२ मध्ये वर बर्फ पडला म्हणून मार्ग छाटून साधारण शंभर किलोमीटरवर आणला. टोपीचं जलरोधक जॅकेट तिथे सक्तीचं आहे, पहिल्यालाही आणि शेवटच्यालाही.

दुसरी गोष्ट, वर कोण आहे आणि त्याला थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे. तिसऱ्या चेकपॉईंटला जी माणसं होती ती वेळ लिहिणारी. त्यांना 'वरची हवा बिघडली, दुसऱ्या चेकपॉईंटवरून कुणालाही सोडू नका' असं म्हणायचा अधिकार होता का, आणि त्यांचा आवाज खाली पोचत होता का? शर्यत थांबवायचा निर्णय खाली मंडपात बसून होतो, आणि मंडपात तेव्हा बहुधा नुसता वारा असतो. सह्याद्रीतल्या स्पर्धांतही मी हेच पाहिलंय. वरच्या बुरुजावर कॉलेजची दोन पोरं, एकाच्या फोनला रेंज, तीही एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तर.

कसली कसली ॲप आणि ट्रॅकर आले, पण या दोन प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात मला क्वचितच सापडतात. म्हणून मी आयोजकांना फोन करून विचारतो. बहुतेक जण वैतागतात. एकाने मात्र उलट मलाच बोलावून घेतलं, "मग काका, किट तपासायला तुम्हीच बसा."

तर आता वर्षातून एका छोट्या शर्यतीत मी किट तपासायला बसतो. टेबलाखाली बर्फाच्या पाण्याची बादली ठेवतो. मागच्या खेपेला एक तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा आला, नडगीला जुन्या खरचटण्याच्या खुणा, पाठीवर तळहाताएवढी सॅक. जॅकेट गाडीत ठेवलंय म्हणाला. "काका, मी पुढे पळणारा आहे. पाऊस यायच्या आत खाली असतो मी."

त्याला गाडीपाशी पिटाळलं. जॅकेट घेऊन आला तेव्हा म्हटलं, "हात बादलीत घाल. दोन मिनिटं. मग हे अंगात घालून झिप गळ्यापर्यंत ओढून दाखव." मागच्या रांगेत हशा पिकला. तोही हसत होता. दोन मिनिटांनी हात बाहेर काढले तेव्हा हसत नव्हता. बाह्या कशाबशा गेल्या. झिपचं खालचं टोक खाचेत बसेना. तिसऱ्यांदा निसटल्यावर त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग जॅकेट काढलं, टेबलावर पसरून झिप अर्ध्यापर्यंत आधीच लावून ठेवली, डोक्यातून घालता येईल अशी, आणि ते सॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात कोंबलं. पिशवीशिवाय.

"पुढचा," मी म्हटलं.